बाराच्या घंटेची रेकॉर्ड

अंधेरीच्या गावठाणात घरमालकांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला गेलो, त्या दिवशी सामान आत जायच्या आधीच त्यांनी माझ्या आईला दोन पावलं मागे सरकवलं. आई हातगाडीवाल्याशी भांडत होती. पाटा फुटला होता, आणि पाटा फुटल्यावर मालवणची बाई गप्प बसेल अशी आशा कोणी करू नये. तेवढ्यात घरातून एक उंच, वाळका म्हातारा बाहेर आला. खाली अर्धी चड्डी, वर इस्त्रीचा पांढरा सदरा, कानावर खडू. तो वाकला, आईच्या मागे जमिनीवर एक फुली काढली आणि म्हणाला, "बाय, आवाज बेस्ट हाय तुझा. कमी नको करू. फक्त इथं उभी राहा."

आई इतकी गोंधळली की मुकाट फुलीवर गेली, आणि तिथून पुन्हा भांडायला लागली. म्हाताऱ्याने डोळे मिटून थोडं ऐकलं, समाधानाने मान हलवली आणि आत निघून गेला.

"येडो आसा की काय रे ह्यो?" आईने मला विचारलं. पुढची कित्येक वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो.

सगळं गावठाण त्यांना अंकल म्हणायचं. वयाने मोठी माणसंही अंकलच म्हणायची. आवाज कमी करणं त्यांना मान्य नव्हतं. "देवानं दिलेला आवाज हाय, तो कशाला दाबायचा? माणसाला हलवायचं," असं ते म्हणत, आणि खरोखर हलवत. एका लग्नात त्यांनी नवऱ्याच्या मामाला भर पंगतीतून उठवून विहिरीच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं, कारण मामा हसला की व्हायोलिन ऐकू येईना. मामाचं ताट तिथे पोचवलं, डुकराच्या मटणाचं सोरपोतेलही दोनदा वाढलं, पण परत मांडवात येऊ दिलं नाही. चर्चच्या गाणाऱ्यांत एक दणदणीत गळ्याच्या बाई होत्या. त्यांना ते वर्षभर एकेक फूट मागे नेत राहिले, आणि ईस्टरपर्यंत त्या माळ्याच्या जिन्यात उभ्या राहून गायला लागल्या होत्या. घरात आंटीची खुर्चीसुद्धा फुलीवर होती. आंटी रोज सकाळी ओल्या फडक्याने फुली पुसायच्या आणि अंकल रोज सकाळी नवी काढायचे. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचा वाद म्हणाल तर एवढाच.

ही खोड त्यांना नोकरीतून लागली होती. तीस वर्षं ते सिनेमाची गाणी भरायच्या स्टुडिओत होते. त्या काळी एका खोलीत साठ-सत्तर वादक आणि मध्ये एक-दोन माईक. कोणाचं वाद्य किती ऐकू यायचं, हे तो वादक माईकपासून किती लांब आहे यावर ठरायचं. व्हायोलिनं इथे, ढोलक तिथे, ट्रम्पेटवाला पार दाराशी, तोंड भिंतीकडे. या जागा अंकल ठरवायचे आणि खडूने फुल्या काढायचे. बटणं मात्र काचेमागे बसलेला मोठा साहेब फिरवायचा. अंकलना त्या काचेच्या आत कोणी बसू दिलं नाही. गाणी गल्लोगल्ली गाजायची, आणि फुल्या दुसऱ्या दिवशी झाडूवाली पुसून टाकायची. मग वाद्यागणिक माईक आले, फुल्यांची गरज संपली आणि अंकल घरी बसले. येताना स्टुडिओने भंगारात काढलेलं, टेपवर आवाज भरायचं एक स्पूलचं यंत्र तेवढं त्यांनी आणलं. भाताची पोती ठेवायच्या खोलीत ते यंत्र पांढऱ्या कापडाखाली झाकलेलं असायचं.

मला त्यांनी मनातलं एकदाच सांगितलं. विहिरीवर पाणी शेंदत होते, आणि विचारलं नसताना एकदम म्हणाले, "पोरा, मला एक रेकॉर्ड पायजे. एकच. मी बसवली, मी भरली, आणि तशीच्या तशी दुकानात गेली. मधी कोणी हात नाय घातला. बस, मंग मेलो तरी चालंल."

मी तेव्हा अठरा वर्षांचा. माणसाला एवढीशी गोष्ट एवढी हवीशी वाटू शकते, हे मला कळण्यासारखं नव्हतं. मी हसलो. त्याची आज लाज वाटते.

एकोणसत्तर-सत्तरचा तो काळ. उपनगरांत ज्याचे केस कानाखाली आले तो गिटार घेऊन बसायचा. आमचाही बीट ग्रुप होता. त्याला नाव होतं, पण ते या वयात सांगवत नाही. आम्ही तिघे. इनास गाणारा आणि गिटारवाला, गोराईचा, होडीने खाडी ओलांडून यायचा. बस्त्याव ड्रमवर, तो अंकलचा पुतण्या. आणि मी बास गिटारवर. माझी बास सुताराने आमच्या मोडक्या पलंगाच्या फळीतून कोरून दिली होती. आई येता-जाता म्हणायची, "पलंग मोडून गितार केलंस, आता निजतलंस खंय? आणि गितार वाजवन पोट भरतला काय रे तुझा?"

परसात आमची तालीम चालायची. तीन महिने अंकलनी ते ऐकून घेतलं, आणि एक दिवस खडू घेऊन बाहेर आले. आता आपल्याला गावठाणाबाहेर फुली मिळणार, असं आम्ही धरून चाललो. त्यांनी तीन फुल्या काढल्या. एक माझी, एक इनासची आणि तिसरी विहिरीच्या पलीकडे, शेवग्याखाली. तिथे बस्त्यावला ड्रमसकट जावं लागलं. मग आम्ही वाजवलं, आणि पहिल्यांदाच आम्हाला इनासचे शब्द ऐकू आले. ते ऐकू आले तेव्हा बदलायला हवेत हेही कळलं. ते बदलून जे गाणं झालं, ते गोराईची शेवटची होडी चुकलेल्या मुलीचं होतं. शब्द इंग्रजी, पण चिखल आपल्या खाडीचा.

शहरातली एक रेकॉर्ड कंपनी तेव्हा अशा ग्रुपांच्या छोट्या रेकॉर्डी काढायला लागली होती. टेप आणा, आवडली तर काढू, असा निरोप आम्हाला मिळाला. स्टुडिओ घेण्याची आमची ऐपत नव्हती. अंकलनी यंत्रावरचं पांढरं कापड काढलं.

भाताच्या खोलीच्या दारामागे त्यांनी कोळशाने एक वेळापत्रक लिहिलं होतं. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या कौलांवरून जायची, त्यांच्या वेळा. जवळच्या दगडखाणीतल्या सुरुंगांच्या वेळा. कोळीण ओरडत यायची ती वेळ. शेजारची कोंबडी अंडं घालून बोंबलायची ती वेळसुद्धा होती. अंकल म्हणायचे, विमानाचा भरवसा नाय, पण कोंबडी टायमाची पक्की. या सगळ्यांतून गाण्याला पुरेल अशी फट त्यांनी शोधून काढली होती.

रविवारी बाकी तिघांची चर्चमधली मिस्सा आटोपली आणि आम्ही खोलीत शिरलो. बस्त्यावच्या भोवती भाताची पोती रचली, इनासला माईकसमोर उभा केला, मला दाराशी. अंकल कानाला हेडफोन लावून यंत्राशी बसले. पहिल्या खेपेला बस्त्यावच्या काठीचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या खेपेला विमान लवकर आलं आणि अंकलनी त्याला चार शिव्या दिल्या, त्याही टेपवर गेल्या. तिसऱ्याला मी चुकलो. चौथ्याला इनासला खोकला आला. असं होता होता टेप संपत आली.

"आता येकच होईल," अंकल म्हणाले. "विमान गेलं, सुरुंग रविवारी नाय, कोंबडी झाली. वाजवा."

आम्ही वाजवलं. अर्धं गाणं असं गेलं की मला माझीच बोटं ओळखू येईनात. होडी सुटते, मुलगी धक्क्यावर राहते, इथवर आलो, आणि बाहेर चर्चची बाराची घंटा झाली.

वेळापत्रकात घंटा नव्हती. खाण होती, कोंबडी होती, घंटा नव्हती. अंकलच्या कानाला ती कधी आवाज वाटलीच नव्हती. जन्मापासून दिवसातून तीनदा ऐकलेली, ती आवाजांत कशी मोजायची? तिचे ठोके वेळेचे नव्हते, प्रार्थनेचे होते, तीन-तीन करून नऊ; ते पडले की गावठाणातलं माणूस असेल तिथे थांबायचं. क्रूसाची खूण करायची, नमो मारिया पुटपुटायचं, मग पुढचं काम.

पहिला ठोका पडला आणि इनास शब्द तोंडात ठेवून थांबला. गिटारवरचा हात कपाळाला गेला. पोत्यांमागे बस्त्यावच्या काठ्या थांबल्या. दोघांनी ठरवून केलं नाही, ते आपोआप झालं. खोलीत मी एकटाच हिंदू, मला कोण थांबवणार? मी भीतीने अंकलकडे पाहिलं. हेडफोनसकट त्यांची मानही खाली गेली होती. उजव्या हाताने ते क्रूस काढत होते, आणि डाव्या हाताने मला खुणावत होते, चालू ठेव, चालू ठेव!

मी चालू ठेवलं. तीन ठोके, आणि त्यांच्याखाली माझ्या पलंगाच्या फळीचे चार सूर, फिरून फिरून तेच. आठ-नऊ सेकंद असतील, मला तर वर्ष वाटलं. मग अंकलनी मान वर केली, डावा हात हवेत उचलला आणि खाली आपटला. बस्त्याव आणि इनास असे आत आले की पोत्यांवरची धूळ उडाली. घंटेचे पुढचे सहा ठोके ड्रमवरच पडले. त्यातले चार तालात होते, दोन नव्हते.

गाणं संपलं. "वाट लागली," इनास म्हणाला. बस्त्यावने काठ्या टाकून दिल्या. अंकलनी यंत्र थांबवलं. स्पूल मागे फिरवली, आम्हाला खोलीबाहेर उभं केलं आणि दार अर्धं लोटून टेप लावली. ऐकताना माझ्या हातांवर काटा आला. घंटेनंतर इनास जसा गायला होता, तसा तो आधी कधी गायला नव्हता आणि पुढेही गायला नाही. प्रार्थनेतून उठून आला होता ना तो.

अंकल टॅक्सीने स्पूल मांडीवर घेऊन कंपनीत गेले. बरोबर मी आणि इनास. कंपनीचे साहेब पुण्याचे होते, टाय लावलेले, अतिशय सभ्य. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"उत्तम आहे," साहेब म्हणाले. "फक्त मधला तो खड्डा काढून टाका. घंटा, शांतता, ते सगळं. ब्लेडने टेप कापायची, चिकटवायची. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या महिन्यात रेकॉर्ड बाजारात."

"नाय," अंकल म्हणाले.

"मग आम्हाला काढता येणार नाही. लोकांना वाटेल रेकॉर्ड खराब आहे."

जिन्यात इनास अंकलवर उखडला. "कापा ना अंकल! घंटा काय, रोज वाजते. रेकॉर्ड रोज निघते काय?" मीही त्याचीच री ओढली. अंकल आमच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, तीस वर्षांचा थकवा होता. खिशातून त्यांनी कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढलं. टेप कापायचं ब्लेड ते नेहमी जवळ बाळगायचे. ते त्यांनी इनासच्या हातावर ठेवलं, वर स्पूल ठेवली.

"गाणं तुझं हाय," ते म्हणाले. "तूच काप. मी नाय हात लावणार."

इनास ब्लेड धरून जिन्यात बसला. मी त्याच्या शेजारी. अंकल खाली फुटपाथवर जाऊन पाठमोरे उभे राहिले. त्या स्पूलमध्ये त्यांची एकुलती एक रेकॉर्ड होती, आणि ती आता आम्हा दोन टवाळांच्या हातात होती. इनासने कागद उलगडून ब्लेडची धार पाहिली. मग म्हणाला, "यार, मी परत तसा गाईन काय रे?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "हां. मला पण वाटतं नाही." त्याने ब्लेड परत कागदात गुंडाळलं.

आम्ही खाली जाऊन कापणार नाही असं सांगितलं. अंकल वळले, आमच्या हातातली स्पूल घेतली आणि थेट जिना चढून परत वर गेले. आम्ही मागून पळालो. साहेबांच्या खोलीबाहेर मोठा हॉल होता. तिथे दहा-बारा जण टाइपरायटर बडवत बसले होते.

"साहेब," अंकल म्हणाले, "येकदा इथं लावा, या लोकांच्यात. त्यांना सांगू नका काय हाय ते. मंग नाय म्हणा, मी जातो."

साहेब सभ्य होते म्हणून, किंवा म्हातारा दारातून हलेना म्हणून, त्यांनी यंत्र बाहेर आणवलं. गाणं सुरू झालं. कोणी मान वर केली नाही. टाइपरायटर खडखडत होते. होडी सुटली, घंटेचा ठोका पडला, आणि एक टाइपरायटर थांबला. मग दुसरा. तिसऱ्या ठोक्याला हॉलमधले सगळे टाइपरायटर थांबले होते. माझी बास तेवढी चालली होती, आणि दहा-बारा माणसं हात वरच्या वर धरून यंत्राकडे बघत होती. मग ड्रम आत आले. कोपऱ्यातली एक बाई चक्क मोठ्याने हसली आणि तिने टेबलावर ताल धरला.

गाणं संपल्यावर एक शिपाई म्हणाला, "साहेब, परत लावा ना."

अंकल साहेबांकडे वळले. "तुमच्या कुठल्या रेकॉर्डीला टाइपरायटर थांबले, सांगा."

साहेबांनी टाय सैल केला आणि हसून हात पुढे केला. पुणेरी माणूस हरला की किती छान हरतो, हे मी तेव्हा पाहिलं.

रेकॉर्ड निघाली, घंटेसकट, एक सेकंदही न कापता. पहिल्या आठवड्यात दुकानांत तक्रारी आल्या की रेकॉर्ड मध्येच अडकते. दुसऱ्या आठवड्यात तेच लोक मित्रांना घेऊन ती अडकलेली जागा ऐकवायला येऊ लागले. ही होडीची घंटा आहे, काय डोकं लावलंय, असं लोक म्हणायचे. आम्हीही गंभीर चेहऱ्याने मान हलवायचो.

रेडिओवर शनिवारी दुपारी इंग्रजी गाण्यांची क्रमवारी लागायची. श्रोते पोस्टकार्डं पाठवायचे, त्यावरून दहा नंबर ठरायचे. परदेशी बड्या बड्या ग्रुपांची गाणी त्यात ठाण मांडून बसलेली. आमचं गाणं नवव्या नंबरावर शिरलं आणि गावठाणाने कार्डांवर उडी घेतली. अंकलनी घरोघर फिरून कोरी कार्डं जप्त केली. "आपल्याच लग्नात आपणच आहेर करायचा? लाज नाय वाटत?" आंटीच्या पोळपाटाखाली लपवलेली कार्डंसुद्धा त्यांनी हुडकली. माझ्या आईने मात्र एक कार्ड आधीच पेटीत टाकलं होतं. ते कळल्यावर अंकल दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि रेडिओला पत्र लिहून आमच्या गाण्याचं एक मत वजा करा असं कळवलं.

नववा, मग सहावा. पुढच्या शनिवारी पुन्हा सहावाच, आणि बस्त्याव जेवला नाही. मग एकदम दुसरा. त्यानंतरच्या शनिवारी अंकलच्या ओट्यावर रेडिओ ठेवला होता आणि अख्खं गावठाण परसात. निवेदक दहापासून खाली यायला लागला. दुसरा नंबर जाहीर झाला आणि तो आमचा नव्हता. म्हणजे एक तर आम्ही उडालो, नाही तर... बस्त्यावने माझा दंड असा धरला की त्याचे वळ उठले. मग रेडिओतून माझ्या पलंगाची फळी वाजायला लागली, आणि पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. इतका आरडाओरडा झाला. इनास विहिरीला प्रदक्षिणा घालत पळत होता. आई मला मिठी मारून रडत होती, आणि एका हाताने पाठीत धपाटेही घालत होती.

अंकल कुठे दिसेनात. भाताच्या खोलीत सापडले. बंद यंत्राच्या झाकणावर हात ठेवून बसले होते. मला बघून म्हणाले, "तशीच्या तशी गेली रे, पोरा." आणि मी त्यांच्या पाया पडलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी आणि आई जन्मात पहिल्यांदा चर्चमध्ये गेलो आणि शेवटच्या बाकावर अंग चोरून बसलो. नाचगाण्याच्या रेकॉर्डीत पवित्र घंटा गेली म्हणून फादर झाडतील, अशी गावात कुजबुज होती. मिस्सा संपत आली तसे फादर माईकपाशी आले. चेहरा गंभीर.

"दोन सूचना," ते म्हणाले. "एक, गुरुवारी सणाच्या तयारीची मीटिंग आहे. दुसरी. काल आपली घंटा देशात पहिल्या नंबरावर आली. ती ज्यांनी कापू दिली नाही, ते तिसऱ्या बाकावर बसले आहेत."

सगळ्यांच्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या आईला माहीत नव्हतं. तिने वाजवली. एकटीनेच, कडाकडा, पाटा फुटल्यावर भांडते तशा जोरात. मी तिचा हात धरणार तेवढ्यात पुढून कोणी तरी वाजवली, मग बाजूने, मग जिन्यातल्या त्या बाईंनी वरून, आणि मग सगळं चर्च वाजवायला लागलं.

तिसऱ्या बाकावर अंकल उभे राहिले. तीस वर्षांत त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती, त्यामुळे टाळीला काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. हात जोडले नाहीत, हसले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही. आंटी त्यांचा कोट ओढून म्हणत होत्या, "बसा हो आता, बसा!" ते बसले नाहीत. शेवटची टाळी थांबेपर्यंत तसेच ताठ उभे राहिले.